घरपोच थैलीची दुसरी फेरी

मित्रांनो, कॉलेजच्या वाचनालयात शिरलात की दारामागे ओळीने खुंट्या दिसतील. खिडकीजवळच्या खुंटीवर जी विटक्या हिरव्या रंगाची थैली लटकते आहे, ती मी. मी एक जुनी कॅनव्हासची थैली आहे. माझा एक बंद दुसऱ्यापेक्षा आखूड आहे. पोटावर छापलेली अक्षरं अर्धीअधिक पुसली आहेत. असं का झालं, ते पुढे सांगेन. त्यात रडण्यासारखं काही नाही.

माझा जन्म ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई एक दिवस पुस्तकाच्या मापाचा पुठ्ठा घेऊन तिथे आल्या. एवढंसं माप पाहून कारागीर हसला.

"बाई, मी ट्रक झाकतो. पुस्तकाला काय, एक रुमालही पुरेल."

"रुमाल पोस्टात टिकत नाही, दादा. शिक्का मारणाऱ्यांचा हात फार जड असतो."

त्याने मग मान डोलावली आणि ताडपत्रीच्या जाड दोऱ्यानेच आम्हांला शिवलं. आम्ही डझनभर बहिणी. प्रत्येकीला दोन बंद, एक पितळी बक्कल आणि पोटावर एक पारदर्शक खिसा. त्या खिशात एक कार्ड बसायचं. कार्डाच्या एका बाजूला विद्यार्थ्याचा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला वाचनालयाचा. जाताना एक बाजू वर, येताना दुसरी. पुस्तक वाचून झालं की थैलीत घालायचं, कार्ड उलटं करायचं आणि पोस्टात द्यायचं. खर्च कॉलेजचा. खिशाच्या खाली ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: 'दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी. पुस्तक तुमच्या घरी येईल. वाचा आणि याच थैलीतून परत पाठवा.'

दूरशिक्षणाचे विद्यार्थी म्हणजे कोण, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. ही माणसं नोकरी करतात, घर सांभाळतात आणि उरलेल्या वेळात घरीच अभ्यास करतात. वर्गात बसत नाहीत. कॉलेजचं तोंड पाहतात ते फक्त परीक्षेला. त्यांनाही वाचनालयाचा तेवढाच हक्क आहे, असं बाईंचं म्हणणं होतं.

माझ्या आयुष्याची सुरुवात मोठ्या कौतुकाने झाली. प्राचार्यांनी मला खांद्याला लावून फोटो काढून घेतला. पाहुणे आले की त्यांना आमच्या खुंट्यांपुढे उभं करत आणि "हा आमचा खास उपक्रम" असं सांगत. पाहुणे बक्कल उघडून बघत, लावून बघत आणि चहाला जात. बाईंनी आपल्या वळणदार अक्षरांत एक सूचना लिहिली आणि वाचनालयातल्या फळ्यावर लावली. त्या सूचनेपुढे रोज कितीतरी मुलंमुली उभी राहत. वाचत आणि पुढे जात. ती सगळी रोज कॉलेजात येणारी. त्यांना पुस्तक पोस्टाने कशाला हवं?

आम्ही वाट पाहिली. उन्हाळे आले, गेले. पुस्तक मागवणारं कोणी आलं नाही.

रिकाम्या हाताला लोक काम लावतातच. माझी एक बहीण ओल्या छत्र्यांसाठी गेली. एकीत खेळाच्या मैदानावरची शिट्टी आणि जाळी राहू लागली. एक पाण्याच्या गळक्या नळाला बांधली गेली आणि तिथेच कुजली. माझ्यात शिपाईकाका खडूंची खोकी ठेवत. कधी त्यांचा डबाही. पुस्तक कसं असतं, हे मला कपाटाकडे बघूनच माहीत होतं.

बाई मात्र आम्हांला विसरल्या नव्हत्या. त्यांचे काही नेम होते. सकाळी आल्यावर पुस्तकांचा एक खण पुसल्याशिवाय त्या चहा घेत नसत. खण पुसून झाला की तेच फडकं आमच्यावरून फिरवत. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. प्राचार्य आत बसलेले असताना फोनवर "ते बाहेर गेलेत" असं सांगायला बाई कधीही तयार झाल्या नाहीत. त्यामुळे त्यांना फोन उचलायला सांगणं प्राचार्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

एकदा प्राचार्य आमच्यापुढे थांबले.

"बाई, या खुंट्यांच्या जागी झेरॉक्सचं मशीन बसेल का हो?"

"बसेल, सर. पण या वर्षी राहू द्या."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

"हो, म्हणाले होते," बाई म्हणाल्या. त्या नाकबूल कशाला जातील!

आणि मग परीक्षा आली. मित्रांनो, इथून माझ्या आयुष्याला वळण मिळालं.

दूरशिक्षणाच्या परीक्षेला वर्ग अपुरे पडत. म्हणून वाचनालयातही बाकं मांडत. त्या दिवशी पुस्तकांच्या कपाटांवर चादरी टाकत, म्हणजे कोणाला काही दिसायला नको. सूचनांचा फळा भिंतीकडे तोंड करून ठेवत, आमची पोटंही भिंतीकडे वळवत, कारण परीक्षेच्या खोलीत काहीही लिहिलेलं दिसता कामा नये असा नियम होता. दर वर्षी हेच होई. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाईंनाही नाही.

त्या वर्षी घंटा व्हायच्या बेतात एक विद्यार्थिनी धापा टाकत आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन आणि किल्ल्यांचा जुडगा. पर्यवेक्षकांनी तिला दारातच अडवलं.

"हे सगळं बाहेर ठेवा."

"बाहेर कुठे ठेवू, सर? पिशवी आणायची राहिली."

शिपाईकाकांनी माझ्यातली खडूंची खोकी काढली, मला झटकलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने सगळं माझ्यात कोंबलं. मला व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजाला अडकवण्यात आलं.

पेपर सुटल्यावर ती बाहेर आली. डबा काढला, फोन काढला आणि रिकामी थैली परत देता देता तिची नजर माझ्या पोटावर गेली. ती तिथेच थांबली. एकदा वाचलं. परत वाचलं.

"काका, हे खरं आहे की नुसतंच छापलंय?"

"त्या बाईंना विचारा," काका म्हणाले.

वाचनालयात परीक्षेची बाकं मांडलेली असल्याने बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या उठून आल्या.

"खरं आहे. पुस्तक घरी येतं."

"कधीपासून?"

बाईंनी सांगितलं. ते ऐकून तिने डबा खाली ठेवला.

"तेव्हापासून मी या कॉलेजात नाव घालून बसलेय. आम्हांला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"सूचना लावली आहे की."

"कुठे?"

"आत. फळ्यावर."

तिने खिडकीतून आत पाहिलं. बाईंनीही पाहिलं. फळा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"आम्ही आत येतो तो असल्याच दिवशी, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आज दुकान बंद आहे, असं कोणी सांगावं, तसं तिने सांगितलं.

बाईंनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलाच. सांख्यिकी. बाकीचे सगळे विषय सुटले, हा एकच मानगुटीवर बसलाय. नुसत्या छापील टिपणांवर काही कळत नाही. आता एकदाच बसता येईल. त्यानंतर माझ्या नोंदणीची मुदत संपते. हा सुटला नाही तर मागचे सगळे पेपरही बुडाले."

बाईंनी तिचा पत्ता लिहून घेतला आणि, कामावर तिला फोन घेता येत नाही म्हणून, तिच्या सासूबाईंचा नंबरही. चार दिवसांनी कपाटांवरच्या चादरी निघाल्या, तेव्हा त्यांनी सांख्यिकीचं एक जाड, सोडवलेल्या उदाहरणांचं पुस्तक काढलं आणि माझ्यात ठेवलं. कार्ड खिशात सरकवलं. बक्कल लावलं. पोटात पहिलं पुस्तक घेऊन मी निघाले. पोस्टातल्या माणसाचा हात बाईंनी सांगितला होता तसाच जड निघाला.

ती एका वजनकाट्यावर कामाला होती. मालाने भरलेले ट्रक तिथे एका मोठ्या लोखंडी पाट्यावर येऊन उभे राहत. शेजारच्या काचेच्या खोलीत ती बसे. लाल आकडे उजळले की ती पावती छापून खिडकीतून बाहेर सरकवी. ट्रकवाले तिला काटेताई म्हणत. घरी मी फक्त रात्रीपुरती असे. दिवसभर ताईच्या खोलीत पंख्याच्या बटणाखालच्या खिळ्याला माझा मुक्काम. दोन ट्रकांच्या मध्ये जेवढा वेळ मिळे, तेवढ्यात ती उदाहरण सोडवी. बाहेर वाळू, भंगार आणि सिमेंटची धूळ उडे, ती पानांवर बसे आणि तिच्या अंगठ्याचे ठसे कडेला उमटत.

ट्रकवाले तिची थट्टा करत. त्यांत एक जाड्या ड्रायव्हर होता.

"ताई, एवढं शिकून काट्याला काय शिकवणार? त्याला एवढंच सांगा, आमचं वजन जरा कमी दाखव म्हणावं."

"तुझं वजन घरी वहिनींना विचार. इथे गाडीचं होतं."

एकदा त्यानेच मला खिळ्यावरून काढलं आणि पुस्तकासकट त्या मोठ्या पाट्यावर मधोमध नेऊन ठेवलं. "बघू तरी विद्येचं वजन किती भरतं!" आकडे हलले नाहीत. शून्यच राहिलं. ट्रक तोलणाऱ्या काट्याला एवढं हलकं वजन कळत नाही. सगळे हसले, ताईही हसली. मी त्या तापलेल्या लोखंडावर पडून होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कित्येक वर्षं खडू वाहिले होते मी, काट्याच्या मताचं मला काय एवढं?

ताईने पुस्तक बरंच वाचलं, पण पुरतं नाही. शेवटचे दोन धडे संभाव्यतेचे होते. तिने एकदा ते उघडले, पहिलं उदाहरण पाहिलं आणि मिटून टाकले. "हे काही आपल्याला जमायचं नाही. बाकीच्यावर भागेल," ती स्वतःशीच म्हणाली. परत करायची तारीख जवळ आली, तेव्हा तिने पुस्तक माझ्यात घातलं आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, उद्या एवढं पोस्टात टाकाल? मला कामावरून निघता येत नाही."

ताईचा नवरा बाहेरगावी नोकरीला होता. घरात ताई, तिची शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाई तोंडाने फटकळ होत्या. "पोरगी बाराखडी शिकली, पाढे शिकली, आणि तिच्या आईचा एक पेपर अजून तिथेच!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण ताई अभ्यासाला बसली की रेडिओ त्याच बंद करत.

त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि नाक मुरडलं.

"काय ही धूळ! परक्याची वस्तू अशी परत द्यायची? लोक काय म्हणतील आपल्याला?"

पुस्तक आणि कार्ड त्यांनी बाहेर काढून ठेवलं आणि मला साबणाच्या पाण्यात बुडवलं. मित्रांनो, ते माझं पहिलं स्नान. त्यांनी मला ब्रशने असं घासलं की पोटावरची अर्धी अक्षरं त्या पाण्याबरोबर गेली. उन्हात वाळताना माझा एक बंद आखडला. त्यानंतर त्यांनी मला इस्त्री केली, पुस्तकाला नवा कागद घातला आणि कसर लागू नये म्हणून आत चार लवंगा टाकल्या. कार्ड त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. आली तेव्हा कोणती बाजू वर होती? घरचा पत्ता वर होता. वस्तू जशी आली तशी परत करायची, ही त्यांची शिकवण. त्यांनी घरचा पत्ता वर ठेवून कार्ड खिशात सरकवलं आणि मला पोस्टात दिलं.

मला बोलता येत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे. माझ्यावर शिक्का बसला. मी एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात गेले. आणि दोनतीन दिवसांनी पोस्टमनने मला पुन्हा त्याच दारात उभं केलं.

"आजी, कॉलेजचं पार्सल."

सासूबाईंनी बक्कल उघडलं. आत तेच पुस्तक, तोच कागद, त्याच लवंगा. त्या बराच वेळ पुस्तकाकडे बघत बसल्या. संध्याकाळी ताई आली, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"घे. परत पाठवलं त्यांनी."

"परत? का?"

"का म्हणून मला काय विचारतेस? तू पुरतं वाचलं नाहीस, ते कळलं त्यांना."

"आई, काहीतरीच! कसं कळेल?"

"शिकलेली माणसं आहेत ती. पानांवरून कळलं असेल."

ताईने पुस्तक आडवं धरलं आणि पानांच्या कडा पाहिल्या. पुढची पानं अंगठ्याच्या ठशांनी काळवंडली होती. शेवटच्या दोन धड्यांच्या कडा कोऱ्या करकरीत होत्या. कोणालाही दिसलं असतं. तिने पुस्तक मिटलं. तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून खिळ्यावर मी आणि टेबलावर संभाव्यता. तिने पहिलं उदाहरण सोडवलं, चुकलं. परत सोडवलं. ट्रक येत होते, पावत्या जात होत्या.

"काय रे," ती एकदा त्या जाड्या ड्रायव्हरला म्हणाली, "आज तुझ्या गाडीत जास्त माल भरलेला असण्याची शक्यता किती?"

"शंभर टक्के, ताई. खोटं कशाला बोलू, आता काटा सांगेलच."

"मग ही संभाव्यता नाही, ही खात्री. धड्यात बसत नाहीस तू."

ड्रायव्हरला हे फार आवडलं. पुढे तो सगळ्यांना "मी धड्यात बसत नाही" असं सांगत फिरे.

तिकडे वाचनालयात काय चाललं असेल, याचा मला अंदाज होता. पुस्तकाची तारीख उलटून गेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाहेर गेलेलं पुस्तक, आणि ते परत नाही. झेरॉक्सच्या मशीनला याहून चांगलं कारण कोणतं?

एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंचा फोन वाजला. फोन कानाला लावला की त्यांना गुदगुल्या होत, म्हणून त्या तो समोर ठेवून मोठ्याने बोलत. ताई मुलीला घेऊन बाहेर गेली होती. मी दाराच्या कडीला होते. मला सगळं ऐकू आलं.

"नमस्कार. कॉलेजच्या वाचनालयातून बोलतेय. ते सांख्यिकीचं पुस्तक अजून आलं नाही..."

"अहो, पाठवलं होतं की! तुम्हीच परत धाडलंत. फार बरं केलंत हो."

पलीकडे नोंदवहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आजी, थैलीवरचं कार्ड कसं घातलं होतं तुम्ही?"

"कसं म्हणजे? जसं आलं तसं. आमच्या घरातून वस्तू जशी येते तशीच परत जाते. शिवाय धुऊन दिली होती मी थैली."

आता पलीकडून तोही आवाज येईना.

"हॅलो? गेलात की काय?"

"आहे. ती वाचतेय का पुस्तक?"

"वाचतेय म्हणजे काय! शेवटचे धडे चाललेत. आधी उघडलेसुद्धा नव्हते मेलीने. तुम्ही परत पाठवलंत म्हणून बसली."

मित्रांनो, बाईंचा नेम मला माहीत होता. त्या क्षणी बाई काय म्हणतील, म्हणून मी कान टवकारले, थैलीला असतात तेवढे. आपली चूक कळली असती तर सासूबाईंनी पुस्तक त्याच दिवशी पोस्टात टाकलं असतं. दुसऱ्याची वस्तू चुकून घरात राहिली म्हटल्यावर त्यांना अन्न गोड लागलं नसतं. आणि ताईच्या हातात तर शेवटची संधी होती.

"मग ते परीक्षेपर्यंत तिच्याकडेच राहू द्या," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी मागितलेलं नाही. आणि तिला सांगा, शेवटच्या धड्यातली उदाहरणं दोनदा सोडव."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी तो संवाद नंतर कितीदा तरी मनात तपासून पाहिला.

परीक्षेच्या दिवशी ताई मला खांद्याला लावून कॉलेजात आली. व्हरांड्यात पाय ठेवला आणि मी पाहतच राहिले. कठड्यावर माझ्या बहिणी ओळीने टांगल्या होत्या. छत्र्यांतून, मैदानातून, कुठून कुठून गोळा करून, धुऊन आणलेल्या. प्रत्येकीचं पोट बाहेरच्या बाजूला. वाचनालयात बसणाऱ्या परीक्षार्थींना शिपाईकाका दोघातिघांत मिळून एक थैली देत होते.

"फोन, डबा, पाकीट, सगळं यात. पेपर झाला की काढून घ्या."

पर्यवेक्षक आले आणि कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

"बाई, या पिशव्यांवर काहीतरी लिहिलेलं आहे. हे नियमात बसतं का?"

"नियम खोलीच्या आतला आहे, सर. पिशव्या बाहेर आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "आतला फळा मी सकाळीच भिंतीकडे फिरवलाय."

पर्यवेक्षकांनी आत डोकावून फळा पाहिला आणि घड्याळ बघत निघून गेले.

पेपर सुटला. माणसं बाहेर आली आणि आपापली थैली शोधू लागली. थैली शोधायची म्हणजे तिच्या पोटाकडे बघावं लागतंच. व्हरांड्यात हळूहळू कुजबुज सुरू झाली. "अहो, हे बघितलंत का?" "घरी येतं म्हणे." "आपल्यालासुद्धा?" "आपल्यालाच!" बाईंभोवती घोळका झाला. पत्ते सांगायला सगळ्यांची एकच घाई. माझ्यातलं पुस्तक काढून घेताना बाईंनी त्याच्या कडा पाहिल्या. आता त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्याच काळवंडलेल्या होत्या. त्यांनी ते पुसलं नाही. तसंच कपाटात ठेवलं.

निकाल लागला. गुणपत्रिका घ्यायला ताई आली आणि बरोबर सासूबाईही. 'शांतता राखा' या पाटीखाली उभं राहून सासूबाईंनी सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सुटला बरं का पेपर! शेवटच्या धड्यावरचा प्रश्न आला होता, तो हिने सोडवला. तुमचे उपकार हो, बाई. तुम्ही पुस्तक परत पाठवलं नसतं तर हिचं काही खरं नव्हतं."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. मग स्वतः समोर बसल्या.

"आजी, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी फोनवर मी खोटं बोलले नाही, पण पूर्ण खरंही सांगितलं नाही. ते मनाला लागून राहिलंय. पुस्तक मी परत पाठवलं नव्हतं. ते इथे पोचलंच नाही. तुम्ही कार्ड उलटं केलं नव्हतं, म्हणून पोस्टाने ते तुमच्याच पत्त्यावर आणून दिलं."

शेजारच्या बाकांवरच्या मुलांनी माना वर केल्या. ताईने तोंडावर हात ठेवला. सासूबाई विचारात पडल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कार्डाच्या खिशाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "ही पास झाली ती माझ्यामुळे!"

"झालं," ताई म्हणाली. "आता हे जन्मभर ऐकायचं."

शांततेच्या पाटीखाली त्या दिवशी जेवढं हसू झालं, तेवढं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

त्यानंतर सासूबाईंनी ही गोष्ट गल्लीत, पोस्टात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, सगळीकडे सांगितली. प्रत्येक वेळी त्यांचा वाटा थोडा वाढत गेला. पण त्यामुळे कितीतरी घरांत कळलं की असं एक वाचनालय आहे आणि ते घरी येतं. वजनकाट्याच्या काचेवर ताईने बाईंच्या सूचनेची एक प्रत बाहेरच्या बाजूने चिकटवली. तो जाड्या ड्रायव्हर ती वाचत उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, अर्धवट सोडलेलं शिक्षण धरता येतं का हो परत?" आज तोही पुस्तकं मागवतो. त्याच्या थैलीला डिझेलचा वास येतो.

बाईंनी एक पद्धत मात्र कायमची सुरू केली. परीक्षा तोंडावर असताना पुस्तक परत आलं आणि दुसऱ्या कोणाला ते नको असलं, तर त्या फोन करून विचारतात, "शेवटचे धडे झाले का? की पाठवू परत?" याला वाचनालयात 'दुसरी फेरी' म्हणतात. झेरॉक्सचं मशीन शेवटी जिन्याखाली बसलं. तिथे ते सुखात आहे.

मी आता थकले आहे. माझा कारागीर ताडपत्रीच्या दोऱ्याने शिवायचा, म्हणून शिवण अजून पक्की आहे, पण खिशाचं प्लॅस्टिक पिवळं पडलं आणि त्यातून पत्ता वाचता येत नाही. नव्या थैल्या शिवून आल्यावर बाईंनी मला प्रवासातून मोकळं केलं. आता मी परीक्षेच्या दिवशी फक्त व्हरांड्यापर्यंत जाते आणि संध्याकाळी परत येते. सकाळी खण पुसून झाल्यावर फडकं अजूनही माझ्यावरून फिरतं.

मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी सांगते. माझ्यासारखी थैली तुमच्या घरी आली तर तिच्यात डबा कोंबू नका, तिला नळाला बांधू नका, आणि परत पाठवताना कार्ड उलटं करा. सगळ्यांचीच चूक सासूबाईंच्या चुकीसारखी फळाला येते असं नाही. पलीकडे कोणीतरी त्याच पुस्तकाची वाट पाहत असेल.

आणि दुसरी गोष्ट. कधी वाचनालयात आलात आणि मला खुंटीवरून काढलंत, तर परत अडकवताना एवढं बघा. माझी अक्षरं पुसट झाली आहेत, पण ती भिंतीला वाचायला देऊ नका. पोट बाहेरच्या बाजूला ठेवा.